मी भिंतीला पाणी मारलं

मंडळाच्या अंकासाठी लिही असा मेसेज आला तेव्हा मी इथे अडलेडमध्ये मॉसन लेक्सच्या बसस्टॉपवर उभी होते, पाठीवर बॅग, नखांत चुना. 'तुझा जॉब कसला हटके आहे, त्याच्यावर लिही ना, धमाल येईल!' आणि पुढे तीन हसरे चेहरे. मी लगेच हो म्हणाले. मी सगळ्यालाच लगेच हो म्हणते, तो माझा प्रॉब्लेमच आहे. घरी येऊन लॅपटॉप उघडला आणि लक्षात आलं, या जॉबमधली खरी सांगण्यासारखी गोष्ट एकच आहे आणि तिच्यात धमाल नाहीये. पण आता हो म्हणून बसलेय, तर ऐका.

मी स्नेहल. मूळची नांदेडची, डिप्लोमा पुण्यात, आणि कोविडनंतर ऑस्ट्रेलियाची बॉर्डर उघडल्यावर जो आपला सगळ्यांचा लोंढा इकडे आला त्यातलीच एक. कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटमध्ये मास्टर्स करतेय. घरात आम्ही सहा जणी, बाथरूम दोन, फ्रिजमध्ये प्रत्येकीचा एक कप्पा. बाकीच्या पाच जणी एज्ड केअरमध्ये म्हाताऱ्यांची देखभाल, सुपरमार्केट, जेवणाची डिलिव्हरी असलं काहीतरी करतात. मी दगडवाल्याकडे लागले. स्टोनमेसन. म्हणजे जुन्या दगडी इमारती दुरुस्त करणारा गवंडी.

लागले कशी, तर सिटीत एका जुन्या भिंतीचं काम चालू होतं आणि मी ते बघत उभी राहिले. अर्धा तास. शेवटी शिडीवरचा म्हातारा वैतागून म्हणाला, "काय गं, हरवलीस का?" मी म्हणाले, "नाही. माझे पप्पा गवंडी आहेत." तो खाली उतरला, माझ्या हातात बादली दिली आणि म्हणाला, "मग नुसती उभी काय राहिलीस?"

हा केव्ह. अडुसष्ट वर्षांचा, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, तोंड अतिशय खराब. पप्पांपेक्षा बारा वर्षांनी मोठा माणूस, पण इथे सगळं अरे-तुरे. त्याला स्नेहल म्हणता येईना, तो स्नेल म्हणायचा, म्हणजे गोगलगाय. आणि मी एवढी फास्ट! बोलायला फास्ट, चालायला फास्ट, हे टाइप करतेय तेही बघा कसं. तो म्हणायचा, "चांगलंय नाव. कधीतरी शोभेल तुला."

आता काम काय ते थोडक्यात सांगते. जुन्या दगडी भिंतीत सिमेंट नसतं, चुना असतो. चुना मऊ असतो, भिंतीतली ओल त्याच्यातून बाहेर पडते. मध्ये कधीतरी लोकांनी हौसेने सांध्यांवर सिमेंट थापलं. सिमेंटमधून ओल बाहेर पडत नाही, मग ती दगडात शिरते आणि दगड साबणासारखा झिजतो. आमचं काम म्हणजे ते सिमेंट छिन्नीने खरवडून काढायचं आणि सांध्यात परत चुना भरायचा. पप्पांनी आयुष्यभर जे भरलं तेच मी इथे बसून उकरत होते, पण ते त्यांना सांगायची माझी हिंमत नव्हती. पप्पांना मी 'साइट सुपरवायझर' आहे असं सांगितलं होतं. माझ्या पोरी हातात थापी धरणार नाहीत, हे त्यांनी आमच्या जन्माच्या आधीच ठरवलेलं. मोठ्या ताईला बँकेत लावलं, मला इकडे पाठवलं. त्यांना कुठल्या तोंडाने सांगू की रोज सकाळी मी चुना कालवते?

गिऱ्हाइकंही एकेक भारी. एका बाईने फोनवर फोटो दाखवला. "मला भिंत जुनी दिसायला हवी, पण नवीन." केव्ह म्हणाला, "होईल की. शंभर वर्षं थांबा." ती खरंच विचारात पडली.

तर ती एक गोष्ट घडली एका बेटावर. नाव लिहीत नाही, लहान आहे, तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात. फेरीने जायचं, पुढे गाडीने पाऊण तास, सगळीकडे मेंढ्या. त्यात एका फार्मवर, राहत्या घरापासून हाकेच्या अंतरावर, एक चॅपल. चॅपल म्हणजे छोटंसं प्रार्थनाघर, वीस माणसं बसली की फुल्ल. आणि ते ऑस्ट्रेलियातलं नाहीच! फार्मच्या मालकाच्या पणजोबाने इंग्लंडमधल्या आपल्या गावचं पडकं चॅपल विकत घेतलं, प्रत्येक दगडावर लाल रंगाने नंबर टाकला, जहाजात भरून इथे आणलं आणि परत रचलं. आठशे वर्षांपूर्वीचे दगड. आतल्या बाजूला ते लाल नंबर अजून दिसतात. मी पहिल्यांदा आत गेले तेव्हा नुसती नंबर वाचत फिरले. एकशे चार, एकशे पाच. कुणा पाथरवटाच्या छिन्नीचे घाव, आणि त्याच्यावर माझा हात.

मालक लेन. ऐंशीच्या पुढचा. कॅन्सर, आता ट्रीटमेंट थांबवलेली. पलंग खिडकीशी आणून ठेवला होता, तिथून चॅपलची भिंत समोर दिसायची. बायको जोन, बारीक, केस पोरासारखे कापलेले, दिवसभर पायात गमबूट. एकटी फार्म सांभाळायची आणि लेनलाही.

पहिल्या दिवशी लेनने आम्हाला आत बोलावलं. म्हणाला, "मी आकडे त्या दगडांवर शिकलो. आई प्रार्थना करायची, मी मोजायचो. माझा बाप्तिस्मा तिथे झाला, लग्न तिथे झालं. आता तिथूनच जायचंय."

मधून फुगून त्या भिंतीला पोट आलं होतं म्हणून तीन वर्षांपूर्वी चॅपल बंद केलं होतं. आत जायला कुणालाच परवानगी नव्हती. भिंत नीट झाली तरच शवपेटी आत नेता येणार होती.

"ईस्टरपर्यंत उघडून देतो," केव्ह म्हणाला.

"मग मलाही तोवर टिकायला लागेल," लेन म्हणाला आणि हसला. जोन हसली नाही.

म्हणजे काय पणाला लागलं होतं ते सरळ होतं. म्हाताऱ्याला त्या दारातून शेवटचं जायचं होतं, आणि ते आमच्या हातात होतं.

खरं तर उन्हाळ्यात चुन्याचं काम करत नाहीत. ऊन आणि वारा चुना वरच्यावर सुकवून टाकतात, तो आतून धरतच नाही. पण लेनकडे हिवाळ्यापर्यंत वेळ नव्हता आणि मला युनिची सुट्टी होती. डिसेंबरात सुरुवात केली. भिंतीचा पोट आलेला भाग उतरवला, दगड नंबराप्रमाणे ताडपत्रीवर मांडले. अशी भिंत एकसंध नसते. बाहेरून एक थर, आतून एक थर, आणि मध्ये खडी-चुन्याची भर. ती भर सगळी भुसभुशीत झाली होती. ती काढली, नवी भरली, दगड परत बसवले. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात शेवटचा दगड बसला. नंबर दोनशे बारा. केव्हने तो मला बसवू दिला. मी व्हिडिओ काढला, कुणाला पाठवता येणार नव्हता तरी.

दुसऱ्या दिवशी केव्हच्या छातीत कळ आली. अडलेडला हॉस्पिटलात जावं लागलं. जाताना त्याने मला भिंतीसमोर उभं केलं. भिंतीवर गोणपाट लटकवलेलं होतं. हातात बागेतल्या झाडांना मारतात तसला पंपाचा स्प्रे दिला.

"गोणपाट ओलसर ठेवायचं. सकाळ, दुपार, संध्याकाळ. नुसता फवारा. धुकं पडल्यासारखं. कळलं?"

"कळलं."

"ओलसर. ओलं नाही. चुन्याला हवा लागते. पाण्यात बुडवलास तर तो धरणार कसा?"

"केव्ह, कळलं! तू जा, फेरी चुकेल."

त्याचा माझ्यावर विश्वास नसावा, कारण गाडीत बसण्याआधी त्याने खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर जाड मार्करने लिहून दिलं: फवारा. तीनदा. जास्त नाही. तो पुठ्ठा माझ्याकडे अजून आहे.

दोन दिवस मी नीट केलं. तिसऱ्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला. ज्यांनी इथला उन्हाळा पाहिलाय त्यांना माहितीये, कुणीतरी तंदूरचं झाकण उघडल्यासारखा वारा. बेचाळीस डिग्री. मी फवारा मारायची आणि तासाभरात गोणपाट कडकडीत. मला भिंत तडकलेली दिसायला लागली, नसलेल्या भेगा दिसायला लागल्या. केव्हला फोन लावला, तर तो नेमका प्रोसिजरसाठी आत. मग मी पप्पांना लावला.

आमच्याकडे गवंड्याच्या घरात पाणी मारणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला नाही कळणार. भिंत बांधली की सकाळ-संध्याकाळ तिच्यावर पाणी. स्लॅब टाकला की त्याच्यावर आळी करून पाणी भरून ठेवायचं. शाळेच्या सुट्टीत मी आणि ताई पप्पांबरोबर साइटवर जायचो ते याच कामाला. थापीला हात लावू द्यायचे नाहीत, पण नळी धरू द्यायचे. पप्पा ओरडायचे, "पिऊ दे तिला! पोटभर पिऊ दे!" ज्याने पाणी मारण्यात कंजूषी केली त्याची भिंत वर्षात तडकून बोलते, असं त्यांचं ठाम मत. मला गवंडीकामातलं लहानपणापासून जे एकच काम येत होतं, ते हे.

"पप्पा, जय भीम. एक विचारायचंय. खूप ऊन आहे, नवी भिंत आहे, आणि इथले लोक पाणी कमीच मारतात. नुसता फवारा."

"फवारा?" पप्पा हसलेच. "फवाऱ्यानं काय व्हायलंय? झाडं हायती का ती? धार सोडायला लाव. तीन टाइम. तू सुपरवायझर हायस ना, मग दाब दे की त्यांना."

भिंत चुन्याची आहे हे मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, चुन्याचं तुला काय माहीत, कुणाच्या हाताखाली आहेस, नक्की काय करायलीस? म्हणून नुसतं भिंत म्हणाले.

मी जोनकडे गेले. "भिंतीला पाणी लागेल. नळी लावू का?" फार्मवर नळाचं पाणी नव्हतं. छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठायचं, तेवढंच उन्हाळाभर. जोन जरा थांबली. म्हणाली, "लेनला विचारते." आत गेली, बाहेर आली. "तो म्हणतो, भिंतीला लागेल तेवढं घे."

आणि मी घेतलं. सात दिवस, दिवसातून तीनदा. गोणपाट बाजूला करायचं, नळीच्या तोंडावर अंगठा धरायचा आणि धार सोडायची. भिंत गटागटा प्यायची. पाणी सांध्यात जायचं आणि कुठे जायचं ते दिसायचंच नाही. मला काय समाधान वाटायचं! सकाळी खिडकीत लेन उशीला टेकून बसलेला असायचा. तो हात वर करायचा, मी नळीचा हात वर करायचे, पाणी माझ्याच अंगावर उडायचं. रोज. केव्हचा फोन आला की मी म्हणायचे, "सगळं मस्त." पुठ्ठा फार्मवरच्या माझ्या खोलीत आरशाला टेकवून ठेवलेला होता. रोज दिसायचा. मला वाटायचं, केव्ह ग्रेट आहे, पण हा थंड देशांतल्या लोकांचा नियम आहे. उन्हातली भिंत आम्हाला जास्त कळते.

आम्हाला. नांदेडहून आलेल्या मला, जिने आयुष्यात फक्त नळी धरली होती.

केव्ह परत यायच्या आदल्या दिवशी मी नळी गुंडाळून टाकीमागे ठेवली. लपवायला नाही, आवराआवर म्हणून. आता कुणी विश्वास ठेवेल न ठेवेल.

केव्ह आला, भिंतीपाशी गेला, सांध्यात अंगठा दाबला. अंगठा आत गेला. त्याने दुसरीकडे दाबला. तिथेही. "अजून कच्चंय," तो स्वतःशीच म्हणाला. "असं कसं?" त्या संध्याकाळी त्याने भिंतीला दोन टेकू दिले आणि उरलेले सकाळी लावू म्हणाला.

सकाळी स्मोको, म्हणजे आपली दहाची चहाची सुट्टी, चालू होती. मी बिस्किटाचं पाकीट फोडत होते. बटाट्याचं पोतं कुणीतरी जिन्यावरून रिकामं करावं तसा आवाज आला. फार मोठा नाही. वळून बघितलं तर बाहेरचा थर खाली बसत होता, सावकाश, जसा दमलेला माणूस बसतो. मग दगड घरंगळले. टेकू काडीसारखे बाजूला पडले. आणि मधली भर, आमची नवी भर, लापशीसारखी बाहेर वाहत आली.

कुणाला लागलं नाही. आम्ही दोघं पंधरा पावलांवर होतो.

केव्ह जवळ गेला, ती लापशी दोन बोटांत घेऊन चोळत बसला. बराच वेळ. मला त्या क्षणी कळलं होतं. त्या लापशीतलं पाणी मी ओळखत होते, टाकीतलं, लेनच्या छपरावरचं. मी खिडकीकडे बघितलं नाही.

"माझं मिक्स चुकलं," केव्ह म्हणाला. मिक्स म्हणजे चुन्यात वाळू-पाणी किती ते.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात जोन धावत आली आणि केव्ह तिला म्हणाला, "माझं मिक्स चुकलं, जोन. दुसरं काही असूच शकत नाही." आणि मी तोंड मिटलं. एकदा मिटलं की उघडणं किती अवघड असतं! दर तासाला आणखी अवघड. जुन्या इमारतींच्या खात्यातून एक बाई पाहणीला आली, तिलाही केव्हने तेच सांगितलं, तिने तेच लिहून घेतलं. चॅपलभोवती कुंपण बसलं. दोनशे बारा नंबरचा दगड तीन तुकडे होऊन पडला होता. तो मी उचलून ताडपत्रीवर ठेवला, नंबर जुळवून, म्हणजे जसं काही काम चालूच आहे.

भिंत पडल्यापासून नवव्या दिवशी लेन गेला.

त्याचं फ्युनरल मेंढ्यांची लोकर कापतात त्या शेडमध्ये झालं. लोकर पसरायच्या टेबलावर शवपेटी. सगळीकडे तो मेंढ्यांचा तेलकट वास, पत्र्याचं छप्पर उन्हाने कडकड वाजत होतं, आणि दाराच्या चौकटीतून समोर अर्धी भिंत दिसत होती. आलेली माणसं तिकडे न बघता बसायचा प्रयत्न करत होती. केव्ह सगळ्यात मागे उभा होता. बसायला जागा होती तरी उभा.

परत येताना फेरीवर तो म्हणाला, "हातातून गेलं बघ. चाळीस वर्षं मी चुना न मोजता कालवला. नुसत्या हाताला कळायचं. आता नाही कळत." अडलेडला उतरल्यावर त्याने टॉवेलमध्ये गुंडाळलेली त्याची सांधे भरायची बारीक थापी काढली, मुठीचं लाकूड त्याच्या अंगठ्याने झिजून खोलगट झालेली, आणि मला दिली. "मी थांबतोय. तू ठेव."

मी थँक्यू म्हणाले. ती घेतली आणि थँक्यू म्हणाले. या सगळ्यात मला सगळ्यात जास्त लाज त्याची वाटते.

मग युनि सुरू झालं, असाइनमेंट्स, ग्रुप प्रोजेक्ट. मी एका कॅफेत लागले. केव्हला फोन केला नाही. थापी सुटकेसमध्ये, हिवाळ्याच्या कपड्यांखाली. घरातल्या पोरी म्हणायच्या, "तुझा तो दगडवाला म्हातारा कुठे गेला?" मी म्हणायचे, रिटायर झाला. ते खरंही होतं.

ऑगस्टमध्ये एका रविवारी पप्पांना व्हिडिओ कॉल केला. ते शेजारच्या कुणाला तरी सांगत होते, "आमची पोरगी तिकडं सुपरवायझर हाय, गोऱ्यांना पाणी मारायला शिकवायली," आणि मी रडायलाच लागले. सगळं सांगितलं. बादली, चुना, बेट, नळी, लेन. ते फोन घेऊन बाहेर जाऊन बसले. मग म्हणाले, "थापी धरलीस?"

"हो."

मला वाटलं नेट गेलं.

"आणि चुना होता म्हणतीस."

"हो पप्पा."

"चुन्याला असं पाणी नसतंय मारायचं, माय. आमचा बा चुन्यातलाच होता. घाणीला बैल जुंपून चुना मळायचा. भिंतीला नुसतं ओलं फडकं लावायचा. मला चुना म्हणाली असतीस तर सांगितलो नसतो का मी?"

म्हणजे केव्हला जे माहीत होतं ते माझ्या आज्यालाही माहीत होतं. नांदेडला कळत होतं, अडलेडला कळत होतं. कळत नव्हतं ते मधल्या मला.

"त्या माणसाला सांगितलीस का?" पप्पांनी विचारलं.

"नाही."

"मग मला कशाला सांगायलीस?" आणि फोन ठेवला. रागाने नाही. पण ठेवला.

त्याच दुपारी केव्हकडे गेले. तो मागच्या शेडमध्ये होता. बाकावर दह्याच्या डब्यांची झाकणं मांडलेली, ओळीने, दीडशे-दोनशे तरी असतील, आणि प्रत्येक झाकणात चुन्याची एक वाळलेली चकती.

"अरे, स्नेल! जिवंत आहेस होय?"

मी दारातच सांगितलं, एका दमात. "मिक्स तुझं नव्हतं चुकलं. मी नळी लावली. सात दिवस. तीनदा."

तो बघत राहिला. "पुन्हा सांग."

"मिक्स बरोबर होतं."

"पुन्हा."

"केव्ह, मिक्स बरोबर होतं."

तो शेडच्या बाहेर गेला आणि घराकडे तोंड करून ओरडला, "शेरिल! मिक्स नव्हतं चुकलं! माझं मिक्स नव्हतं चुकलं!" बायकोला आतून काहीच कळलं नसणार, ती म्हणाली, "बरं डार्लिंग!" तो हसत हसत आत आला, आणि ती झाकणं दिसली तसं हसू गेलं. एक चकती उचलून त्याने बाकावर आपटली. फुटली नाही.

"फेब्रुवारीपासून रोज एक," तो म्हणाला. "रोज एक कालवतोय. मी काय विसरलो ते शोधायला. सगळ्या चांगल्या निघतात. मला वाटलं मला वेड लागतंय."

"सॉरी."

"तुझं सॉरी तुझ्याकडे ठेव." मग जरा वेळाने, "जोनला सांगितलंस?"

"नाही."

"मग इथे काय करतेयस? जा. मी नाही येणार सोबत."

पुढच्या शनिवारी गेले. जोनच्या किचनमध्ये बसले. तिने चहा केला, माझ्या पुढ्यात कप ठेवला आणि ऐकलं. मी बोलत असताना ती सिंकपाशी उभी होती, माझ्याकडे पाठ करून. माझं संपल्यावर नळ थोडा गळत होता तो तिने घट्ट बंद केला.

"तू पाणी घेतलंस ते सात दिवस," ती म्हणाली, "मी लेनचं अंग ओल्या फडक्याने पुसत होते. त्याला आंघोळ आवडायची. तो म्हणाला, टाकी भिंतीसाठी राहू दे."

मला हे माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायचा प्रयत्नही मी केला नव्हता.

"आणि रोज सकाळी म्हणायचा, बघ ती पोरगी भिंतीला गुलाबांसारखं पाणी घालतेय. भिंत पडली त्या दिवशी त्याने सगळं बघितलं. संध्याकाळी मला म्हणाला, केव्हचं काय ते केव्ह बघेल, पण त्या पोरीला सांग, तिने मनाला लावून घ्यायचं नाही. तिच्याइतकी काळजी कुणीच घेतली नव्हती म्हणावं."

ती वळली.

"हे तुला सांगायचं म्हणून मी सात महिने जपून ठेवलं होतं. तू परत आलीस की सांगायचं ठरवलं होतं. आता त्याचं मी काय करू, ते सांग मला."

चहा निवून गेला. मी उठले तेव्हा ती म्हणाली, "लेन असता तर हसला असता. मी लेन नाही. ती भिंत तू परत रचायचीस. सगळे दगड."

तर आता मी दर शनिवार-रविवार बेटावर असते. केव्ह घडीच्या खुर्चीत बसतो आणि ओरडतो, हात लावत नाही. थापी मी त्याला परत द्यायला गेले तर म्हणाला, भिंत झाल्यावर बघू. दोनशे बाराचे तीन तुकडे त्याने जोडून दिलेत, जोड दिसतो. पप्पा रविवारी कॉल करतात, मी फोन विटांवर उभा करून ठेवते, ते बघतात. पहिल्यांदा मला थापी धरलेली बघून त्यांनी तोंड फिरवलं होतं. आता म्हणतात, मनगट सैल सोड.

भिंत कमरेपर्यंत आलीये. सकाळ, दुपार, संध्याकाळ मी गोणपाटावर फवारा मारते. लेनचा पलंग गेला, त्या खिडकीत आता जोन खुर्ची टाकून बसते. हात वर करत नाही. मी पंप किती वेळा दाबते ते मोजते.